वहिनीची स्प्लेंडर कितीला जायला पाहिजे होती

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट हाये. गाडी एक, घेणारा माझा सख्खा भाचा, विकणारी आमच्या गल्लीतली वहिनी आणि मधे मी. सौदा साडेएकोणतीस हजाराचा, म्हणजे लई मोठा नाही, पण त्यात जे जे झालं ते सगळं लिहून ठेवावं वाटलं, कारण जुनी गाडी घेताना-विकताना आपल्याकडं रोज हेच होतं आणि दरवेळी कुणीतरी एकजण नुसता अंदाजानं बुडतो.

आधी परिस्थिती सांगतो. गाव मानवत, जिल्हा परभणी. वहिनीचे मालक मार्चमध्ये वारले. तीन एकर रान, सोयाबीन होतं, सप्टेंबरच्या पावसात शेंगा झाडालाच काळ्या पडल्या, जे थोडंफार निघालं ते डागी, आणि आडतीवर त्याला कोण भाव देतो. हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता पण तो कागदावर, बाजारात चांगल्या मालालाही चार हजाराच्या आसपासच चाललं होतं. हरभरा पेरायचा होता, बियाणं-खताला पैसे पाहिजे होते, मोठी पोरगी बारावीला. दारात ताडपत्री टाकून झाकलेली २०१७ ची स्प्लेंडर प्लस सात महिने उभी. घरात चालवणारं कुणीच नाही, म्हणून विकायची.

भाच्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम लागलेलं, खेड्यापाड्यातून रक्ताचे सॅम्पल गोळा करून आणायचे, गाडी स्वतःची पाहिजे ही अट. त्याच्याकडं जमवलेले २४ हजार. नवी गाडी तेव्हा रोडवर नव्वद हजाराच्या आसपास जात होती, कर्ज काढून हप्ते भरण्याएवढा पगार नव्हता.

आता माझी चूक आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. पहिल्या दिवशी वहिनीनी मला सहज विचारलं, "भाऊजी, किती येतील हो गाडीचे?" आणि मी म्हणलो, "येतील की वहिनी, बावीस-पंचवीस." मला माहीत होतं की जास्त येतात. माझ्या डोक्यात तेव्हा भाच्याचे २४ हजार होते. मी खोटं असं काही बोललो नाही, पण घेणाऱ्याच्या सोयीचा आकडा मी विकणाऱ्याच्या कानात टाकला, आणि ती मला दीर मानते म्हणून तिनं तो खरा धरला. रात्री झोप लागली नाही. ज्या माणसावर समोरच्याचा भरवसा असतो त्याच्या तोंडातून निघालेला पहिला आकडा लई जड असतो, पुढची सगळी घासाघीस त्याच्याच आजूबाजूला फिरते.

दोन दिवसांनी गाड्यांचा एक दलाल आला. त्याला कुणी सांगितलं काय माहीत, पण गरज कुठं हाये ते ह्या लोकांना बरोबर कळतं. त्यानं गाडीवरची ताडपत्री काढली, मागच्या टायरला बूट मारला, किक मारली, गाडी चालू झाली नाही (सात महिने उभी, कशी होईल), मंग तोंड वाकडं करून म्हणला, "इंजिन उघडावं लागतंय मावशी, सात-आठ हजार त्यालाच. वीस देतो." आणि खिशातून पाचशेच्या नोटांचं बंडल काढून बाजेवर ठेवलं. "आत्ता घ्या, कागदाचं मी बघतो." ती नोटांची गड्डी बाजेवर तशीच, वहिनीची नजर तिच्यावर, सासूबाई दारात उभ्या. हा प्रकार मी लई ठिकाणी बघितलाय. रोख पैसे समोर ठेवले की माणूस वीस की तीस हा हिशोब करत नाही, घेऊ का नको एवढाच विचार करतो. वहिनीनी तेव्हा "भावाला विचारते" म्हणून वेळ मारून नेली ते बरं झालं.

वहिनीचा भाऊ आला सेलूहून, म्हणजे आमचा पाव्हणा. त्यानं मोबाईलवर जाहिराती काढल्या, २०१७-१८ च्या स्प्लेंडर, कुणी ४२ सांगितलेले, कुणी ४५. पाव्हणं तापलेलेच होते, "माझ्या बहिणीला लुटायलेत का? पंचेचाळीसच्या खाली एक रुपया नाही." म्हणजे एकाच गाडीचे तीन भाव: दलालाचा वीस, माझा बावीस-पंचवीस, पाव्हण्याचा पंचेचाळीस. आणि गंमत नाही सांगत, तिघांपैकी एकानंही तोपर्यंत गाडी चालू करून बघितली नव्हती.

मी वडिलांबरोबर लहानपणी हाळी हंडरगुळीच्या बैलबाजारात गेलेलो, तिथं हातावर रुमाल टाकून आत बोटं धरून भाव व्हायचा. दोन माणसं एकमेकांकडं बघायलीत, तोंडानं भलतंच बोलायलीत आणि रुमालाखाली बोटं चालूयत. शेजारच्याला कळू नये म्हणून ती पद्धत, आणि दोघंही पट्टीचे जाणकार असले तर ती चालते बी. पण इथं एका बाजूला जन्मभर गाडीवर मागं बसलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला रोज चार गाड्या घेणारा माणूस, इथं रुमाल टाकला की एकाचीच बोटं मोडणार. म्हणून मी ठरवलं की रुमाल काढायचा, सगळं वहीच्या पानावर मांडायचं, दोघांच्या समोर.

भाचा चिडला. "मामा, तुम्ही कुणाकडून हाव? ती बावीसला द्यायला तयार हाये म्हणलात ना?" मी म्हणलो, तयार हाये कारण मी तिला तसं सांगितलं, आणि तू हीच गाडी घेऊन रोज सकाळी तिच्या दारावरून जाणार हायेस. तो गप बसला पण त्याला ते पटलेलं नव्हतं, ते नंतर पटलं.

पहिलं काम, वहिनीकडं गेलो आणि सांगितलं की मी त्या दिवशी कमी सांगितलं, नीट बघून सांगतो. जड गेलं बोलायला. त्या एवढंच म्हणल्या, "बघा मंग."

दुसरं काम भाव काढायचं. जाहिरातीतला आकडा हा मागणीचा आकडा असतो, सुटलेला नाही, हे पाव्हण्याला पटवायला अर्धा दिवस गेला. पटवायचं कसं, तर त्यांच्याच मोबाईलवरून त्यांनाच फोन लावायला लावले. चार जाहिरातीवाल्यांपैकी दोघांच्या गाड्या विकल्या गेल्या होत्या, "कितीला सुटली हो?" विचारलं की लोक विकून झाल्यावर खरं सांगतात, लपवायचं काही राहिलेलं नसतं. ४२ वाली ३४ ला गेली होती. दुसरी एक ३८ ला, पण ती ऑगस्टमधली.

आणि ह्या ऑगस्टचा मुद्दा मोठा हाये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे आधी कर धरून १२८ ला पडणारी वस्तू ११८ ला, जवळपास आठ टक्के खाली, स्प्लेंडरसारख्या गाडीला सहा हजाराच्या वर फरक. नवी सहा हजारानं उतरली तर जुनीचा भाव जागेवर कसा राहील, आठ वर्षं जुनीला पूर्ण सहाचा फटका बसत नाही पण दोन-तीनचा बसतोच. त्यामुळं सप्टेंबरच्या आधीचे सौदे पुराव्यात धरायचे नाहीत असं ठरलं. (पाव्हण्याला असंही कुणी सांगितलं होतं की जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. तो नोंदणीकृत धंदेवाल्याला, तो बी त्याच्या नफ्यावर. दोन घरगुती माणसांच्या व्यवहाराला नाही.) उरले सप्टेंबरनंतरचे तीन सौदे, जाहिरातीतला तो ३४ चा आणि ओळखीतले दोन, ३३ आणि ३५. दोन्ही बाजूंनी ३४ हजार मान्य केले, चालू हालतीतल्या, कागद क्लिअर असलेल्या गाडीचा भाव म्हणून. वहीत सगळ्यात वर लिहिलं.

तिसरं काम मिस्त्री. माझा नाही, पाव्हण्याचा नाही, पाथरी रोडचा एक म्हातारा मिस्त्री, दोघांनाही फक्त नावानं माहीत. दोनशे रुपये बघणावळ, शंभर-शंभर दोघांचे. सकाळी सातला गाडी ढकलत नेली, कारण गाडी थंड असतानाच बघायची, घरून गरम करून आणलेली गाडी सगळी खोड लपवते. त्यानं टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर खोलला, आतलं जेट चोंदलेलं, ते साफ केलं, नवं पेट्रोल टाकलं आणि तिसऱ्या किकला गाडी लागली. ज्या इंजिनावर दलाल सात-आठ हजार सांगत होता ते हे इंजिन. मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी बसला, हात धरून धूर बघितला, निळा नाही म्हणजे इंजिन ऑइल जळत नाही. मंग इंजिनाच्या जोडावर बोट फिरवून म्हणला, "पाना लागलेला नाही हिला. कंपनीचीच पॅकिंग हाये."

मीटर ४१,३०० किलोमीटर. आठ वर्षांत एवढंच, म्हणजे वर्षाला पाच हजार, दिवसाला चौदा. मीटर फिरवलेलं असू शकतं म्हणून त्यानं पायदानाचं रबर बघितलं, मागच्या ब्रेकच्या पायडलची घासण बघितली, सर्व्हिसच्या पुस्तकातली शेवटची नोंद बघितली, सगळं एकमेकाला जुळत होतं. चेसी नंबर आरसीशी (गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी) ताडून बघितला. हँडल डावी-उजवीकडं फिरवून कोन सेट (हँडलचं बेअरिंग) बघितला, ठीक. पुढच्या एका शॉकअपमधून ऑइल गळत होतं. चेन-स्प्रॉकेट संपलेलं, चेन चेनकव्हरला खडखड आपटायची, वहिनीची पोरगी म्हणली पप्पा गल्लीत वळले की हा आवाज यायचा.

खर्च त्यानं तोंडी सांगितला आणि मी वहीत लिहिला, दुकानातून भाव विचारून. मागचं टायर १,८००, चेन-स्प्रॉकेट सेट १,३००, बॅटरी १,१००, शॉकअपचे सील आणि ऑइल ५००, कार्बोरेटर धरून सर्व्हिसिंग ७००. बेरीज ५,४००. हे ३४ मधून वजा, राहिले २८,६००. इथं पाव्हण्यानं एक चांगला मुद्दा काढला, गाडी एकाच मालकाची हाये, इंजिन उघडलेलं नाही, आणि २०१७ ची म्हणजे कार्बोरेटरवाली, खेड्यातला कुठलाही मिस्त्री पान्यावर नीट करतो, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या इंजेक्शनवाल्या, त्या बिघडल्या की शहर गाठावं लागतं. भाच्याचं काम खेड्यातूनच फिरायचं, त्याला हे कळत होतं. त्याचे हजार वाढवले. २९,६००.

मंग कागद. खरं सांगायचं तर गाडीपेक्षा कागदात जास्त दम लागला आणि दलाल "कागदाचं मी बघतो" का म्हणला ते तिथं कळलं.

वहिनीनी पत्र्याची पेटी उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत आरसी, मृत्यूचा दाखला, पासबुक, त्यात गाडीची दुसरी चावी, तिला यात्रेतला लाल दोरा बांधलेला. आरसी वहिनीच्या वारलेल्या मालकाच्या नावावर, आणि त्यावर फायनान्सचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. कर्ज २०१९ लाच फिटलेलं, एनओसी (कर्ज फिटल्याचं ना हरकत पत्र) पेटीत होतं, पण आरसीवरून बोजा उतरवलाच नव्हता, आणि जुनं एनओसी चालत नाही म्हणून फायनान्सवाल्यांकडून नवं काढावं लागलं, तीन चकरा. ते आणि फॉर्म ३५ दिल्यावर बोजा उतरतो.

वारलेल्या माणसाच्या नावावरची गाडी थेट तिसऱ्याला विकता येत नाही, सही कोण करणार. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना हरकत, आणि वारसात आई बी येते, म्हणून सासूबाईंचं शपथपत्र लागलं. हा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, इथं सात झाले होते, उशिराचे पैसे बसले. मंग फॉर्म २९ आणि ३० भरून भाच्याच्या नावावर. ज्यांची गाडी आज चालू हाये त्यांनी आरसीवर नॉमिनी लावून ठेवा, २०२१ पासून ती सोय हाये, वहिनीचे निम्मे हेलपाटे त्यानं वाचले असते.

नंबर प्लेट जुनी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबर प्लेट) लागते आणि ती नसली तर आरटीओत नाव बदलायचं काम अडवतात, दुचाकीला तेव्हा ४५० अधिक जीएसटी, ५३१ रुपये लागले. एमपरिवाहन ह्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर विमा फेब्रुवारीत संपलेला, आणि हेल्मेटचं ५०० चं एक ई-चलान बाकी. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) ह्या गाडीला (७५ ते १५० सीसीचा गट) तेव्हा ७१४ अधिक जीएसटी, ८४३ च्या घरात होता.

कुणी काय भरायचं ह्यावर पुन्हा ताणाताणी. मी एवढंच म्हणलो की मागचं ते विकणाऱ्याचं, पुढचं ते घेणाऱ्याचं. चलान, नंबर प्लेट, बोजा, वारसाच्या नावावर करायचा खर्च वहिनीकडं. विमा, पीयूसी, भाच्याच्या नावावर करायचा खर्च भाच्याकडं. ह्यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही. पाव्हण्यानं शंभर रुपये स्वतःहून सोडले आणि साडेएकोणतीसवर हात मिळवले.

पण भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता पैसे कधी. नाव बदलायला महिना तरी जाणार आणि हरभऱ्याची पेरणी थांबत नाही. दलालाची ताकद तीच होती, तो आज देत होता. म्हणून भाच्यानं १२ हजार लगेच बयाणा दिला, साध्या कागदावर सौदापावती, गाडीचा नंबर, चेसी नंबर, भाव, बाकी, कोणता खर्च कुणाचा, दोन साक्षीदार. पैसे वहिनीच्या खात्यावर फोनवरून टाकले, पाव्हण्याच्या नाही, रोख नाही. पाव्हण्याला ते थोडं लागलं, पण मी हटलो नाही. सौदा कुणीही करो, गाडी वहिनीची आणि पैसे वहिनीचे.

भाच्याला गाडी लगेच पाहिजे होती. मी दिली नाही. विमा नाही, नाव नाही, आणि रस्त्यात काही झालं तर कोर्टाच्या लेखी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, गाडी चार हात फिरली तरी भरपाई नोंदीवरच्या मालकाच्या गळ्यात. आपल्याकडं सहीचे कोरे फॉर्म घेऊन गाडी देऊन टाकतात आणि वर्षभरानं विकणाऱ्याच्या दारात नोटीस येते. त्यानं महिनाभर मित्राची गाडी पेट्रोल टाकून वापरली.

वहिनीच्या नावाची आरसी आली त्या दिवशी फॉर्म २९-३० वर सह्या, विमा काढला, उरलेले साडेसतरा हजार दिले. त्यातले १२ भाच्याचे आणि साडेपाच मी त्याला उसने दिले. तो म्हणत होता वहिनीला दोन हप्त्यात देऊ, पण त्याच्याकडं पैसे कमी हायेत हा भार तिनं का उचलायचा. माझे तो महिन्याला हजारानं फेडायलाय. गाडी दिल्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ टाकली, सकाळी ११:४०. चावी देताना वहिनीनी तिचा लाल दोरा सोडून घेतला.

भाच्याला सगळं धरून, दुरुस्ती, विमा, आरटीओ, गाडी साडेसदतीसच्या आत पडली, आणि नंतर त्यानंच मला सांगितलं की लॅबमधल्या दुसऱ्या पोरानं दलालाकडून २८ ला घेतलीय, इंजिन उघडलेलं हाये आणि नाव अजून झालेलं नाही. दलाल मला बाजारात भेटला तेव्हा म्हणला, "मला सांगायचं, मी एकतीस दिले असते." मी हे वहिनीला जाऊन सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी विचारलं, खरंच दिले असते का? मी म्हणलो, माहीत नाही वहिनी, बाजेवर तर वीसच ठेवले होते.

वहीचं ते पान त्यांनी मागून घेतलं होतं, पेटीत ठेवलं, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. परवा त्यांच्या घरी गेलो तर विहिरीवरची जुनी पाच एचपीची मोटार काढून अंगणात ठेवलेली, शेजारचा एकजण सहा हजाराला मागायलाय म्हणल्या. आतून पेन आणला आणि पोरीच्या वहीचं कोरं पान फाडून माझ्या पुढं ठेवलं.
"भाऊजी, वर काय लिहायचं सांगा, मी लिहिते."